‘डेरिंग-डू’ आणि आपलं ‘धारिष्ट’

जखमी आयव्हॅन्हो अंथरुणावर पडलेला आहे. किल्ल्याला बाहेरून वेढा पडलाय, बाणांचा मारा चाललाय, आणि त्याला उठून खिडकीपर्यंतही जाता येत नाही. त्याची शुश्रूषा करणारी रिबेका एक जुनी मोठी ढाल खिडकीला आडवी लावते, तिच्या आडोशाने बाहेर बघते आणि काय चाललंय ते त्याला सांगत राहते. संजयाने धृतराष्ट्राला सांगावं, तसंच. काळ्या चिलखतातला एक योद्धा कुऱ्हाडीने किल्ल्याच्या दारावर घाव घालतोय. वरून दगड आणि लाकडाचे ओंडके कोसळतायत, पण त्याच्या लेखी ती जणू पिसंच. ते सगळं ऐकून आयव्हॅन्हो स्वतःशी पुटपुटतो : असं ‘डेरिंग-डू’चं कृत्य करू शकणारे दोघं असतील, तर नवलच!

सर वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीतलं हे 29वं प्रकरण. भाचीला ते वाचून दाखवत होते, तर तिने मला इथेच अडवलं. “मावशी, डेअरिंग माहितीये गं. पण हे डेरिंग काय आहे? आणि पुढे डू कशाला?”

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि उत्तर मोठं होतं. त्या दिवशी तिला अर्धवटच सांगता आलं. इथे नीट सांगते.

कादंबरी 1819च्या डिसेंबरात बाजारात आली (पहिल्या पानावर साल छापलं होतं 1820). तेव्हाच्या इंग्रज वाचकालाही हा शब्द कळणार नाही, हे स्कॉटला ठाऊक होतं. म्हणून त्याने तळटीप दिली : डेरिंग-डू म्हणजे जिवावर उदार होऊन दाखवलेलं धैर्य. म्हणजे शब्द तेव्हाच जुनापुराणा होता आणि स्कॉटने तो मुद्दाम अडगळीतून काढला होता. बाराव्या शतकातली, राजा रिचर्डच्या काळातली गोष्ट सांगायची, तर तोंडी शब्दही त्या काळचा वाटायला हवा, असा त्याचा हिशेब. दोन शब्दांच्या मधली जोडरेघ त्यानेच रूढ केली. पुढे साहसकथा लिहिणाऱ्या साऱ्यांनी तो त्याच्याकडून उचलला. आजही इंग्रजीत ‘डीड्स ऑफ डेरिंग-डू’ म्हटलं की तलवारी, घोडे, दोरावरून तटावर चढणारे वीर असं सगळं डोळ्यांपुढे येतं.

पण बाराव्या शतकात असा शब्दच नव्हता. त्यानंतरही जवळजवळ चारशे वर्षं नव्हता.

स्कॉटला तो मिळाला एडमंड स्पेन्सर या कवीकडून. स्पेन्सरने 1579 साली ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’ नावाचा काव्यसंग्रह काढला. वर्षाच्या प्रत्येक महिन्याची एक अशा मेंढपाळांच्या तोंडच्या बारा कविता. त्यातल्या ऑक्टोबरच्या कवितेत एक मेंढपाळ-कवी हळहळतो, की कवींना सांभाळणारे मोठे लोक आता उरले नाहीत. ‘डेरिंग डू’मध्ये ज्यांचा दरारा होता, त्यांच्यावरची उदात्त कविता लोकांना नेहमी प्रिय असे. स्पेन्सरला जुने शब्द वापरायची मनापासून आवड होती. त्याची इंग्रजी त्याच्या स्वतःच्या काळातल्या लोकांनाही जड जाई. म्हणून या संग्रहाला शब्दार्थांच्या टिपा जोडल्या होत्या. टीपकाराचं नाव छापलेलं नाही, फक्त आद्याक्षरं आहेत : ई. के. ‘डेरिंग डू’पुढे त्याने अर्थ दिलाय ‘मॅनहुड अँड शिव्हलरी’. आपल्याकडे ‘मर्दुमकी आणि सरदारी बाणा’ म्हणता येईल.

झालं. टीप छापली गेली आणि शब्दाला जन्मदाखला मिळाला. स्पेन्सरने तो आपल्या ‘द फेअरी क्वीन’ या महाकाव्यातही वापरला. इतकंच काय, ‘डेरिंग डू’ करणारा तो ‘डेरिंग-डूअर’ असं कर्त्याचं रूपही पाडलं.

आता स्पेन्सरने तो कुठून आणला? ई. के. संग्रहाच्या सुरुवातीलाच सांगतो, की जॉन लिडगेट नावाचा कवी आपल्या गुरूला, जेफ्री चॉसरला, ‘आमच्या भाषेचा ध्रुवतारा’ म्हणत असे. म्हणजे लिडगेट आणि चॉसर या दोघांची पुस्तकं या मंडळींच्या वाचण्यात होती. वाट तिकडेच जाते.

लिडगेट हा मठात राहणारा साधू. 1412 साली त्याने ट्रॉयच्या युद्धावर एक प्रचंड काव्य लिहायला घेतलं, ते 1420ला पुरं केलं. काम सांगणारा होता इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा पाचवा हेन्री. या काव्यात ट्रॉयलस या राजपुत्राचं वर्णन करताना त्याने गुरूच्याच ओळी समोर ठेवून लिहिलं. गुरूच्या मूळ ओळी चॉसरच्या ‘ट्रॉयलस अँड क्रिसेडी’ या काव्याच्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या भागात आहेत. चॉसरने ते 1380च्या दशकात लिहिलं. त्याची ओळ अशी :

‘इन डुरिंग डोन दॅट लाँगेथ टू अ क्निख्त’.

शेवटचा शब्द म्हणजे आजचा ‘नाइट’, वीर योद्धा. चॉसरच्या काळी त्यातला ‘क’ आणि ‘ख’ दोन्ही तोंडाने म्हणत. आता ते फक्त स्पेलिंगमध्ये मुके होऊन बसलेत. ‘डुरिंग’ म्हणजे धजणं. ‘डोन’ म्हणजे करणं. शेवटचा ‘न’ हा क्रियापदाच्या मूळ रूपाचा प्रत्यय, आपल्या ‘करणे’मधल्या ‘णे’सारखा. ‘दॅट’ म्हणजे ‘जे’. ‘लाँगेथ’ म्हणजे शोभतं, साजतं. आधीच्या ओळीला जोडून अर्थ असा :

योद्ध्याला जे साजतं ते करू धजण्यात ट्रॉयलस त्याच्या काळात कुणाहूनही दुय्यम नव्हता.

बघा, यात शौर्य या अर्थाचं नाम कुठेच नाही. आहेत ती दोन साधी क्रियापदं, धजणं आणि करणं. आपल्याकडे कुणी ‘बोलू धजला’, ‘विचारू धजली’ म्हणतो ना, तसंच ‘करू धजणं’. काय करू धजणं, तर ‘योद्ध्याला साजतं ते’. वाक्य सरळ आहे आणि कर्म जागच्या जागी आहे.

लिडगेटने हेच घेतलं, पण छंद जमवताना मधे एक तुकडा घातला. मराठीत बसवलं तर त्याची रचना साधारण अशी होते : ‘करू धजण्यात, हा थोर गुणवान पुरुष, योद्ध्याला साजेल ते पार पाडायला, दुसरा हेक्टरच’. क्रियापद एका ओळीत राहिलं, कर्म पुढच्या ओळीत गेलं, आणि मधे भलताच मजकूर आला. ‘करण्या’ला काय करायचं तेच उरलं नाही. त्याशिवाय शेवटचा ‘न’ही गेला, ‘डोन’चं ‘डू’ झालं. शे-दीडशे वर्षांनी हे वाचणाऱ्याला वाटलं, की हा एखाद्या गुणाचा उल्लेख असणार : अमुक-अमुक गुणात हा पुरुष दुसरा हेक्टर, म्हणजे ट्रॉयचा सर्वांत थोर योद्धा. मराठीत असं झालं असतं, तर कुणीतरी ‘करूधज’ नावाचं नाम धरून ‘त्याने मोठी करूधज गाजवली’ असं लिहिलं असतं, आणि खाली टीप दिली असती : करूधज म्हणजे पराक्रम. गंमत म्हणजे लिडगेटच्या ओळींत जरा अलीकडेच ‘मॅनहुड’ हा शब्द येऊन गेलाय. ई. के.च्या टिपेतलं ‘मॅनहुड’ तिथूनच आलं असावं असं मला वाटतं. अडलेल्या शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दावरून लावायचा, हे आपण सगळेच करतो.

याच्या जोडीला छापखान्याचाही हात लागला. चॉसरच्या ‘डुरिंग’चं लिडगेटकडे ‘डॉरिंग’ झालं होतं. लिडगेटचं काव्य 1513 आणि 1555 साली छापलं गेलं, आणि त्या आवृत्त्यांत ‘डॉरिंग’चं ‘डेरिंग’ झालं. एका स्वराचा फरक. खिळे जुळवणाऱ्यालाही तो शब्द ओळखीचा राहिला नसणार. ओळखीचा असता तर चूक डोळ्याला खुपली असती. आपल्याकडे अशा फरकाला एकच वाक्प्रचार आहे, ‘ध चा मा’. 1773 साली नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ हा हुकूम ‘मारावे’ झाला, अशी ती कथा. तिथे एका अक्षराने माणूस मेला. इथे एका अक्षराने शब्द जन्माला आला, आणि जन्मताच आईबापांपासून तुटला. कारण ‘डॉरिंग’ राहिलं असतं तर ‘डेअर’ या क्रियापदाशी त्याचं नातं कुणीतरी ओळखलं असतं. ‘डेरिंग’मुळे ते पार झाकलं गेलं.

मला यातली सर्वात हलवून टाकणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ज्या काव्यात, ज्या भागात ही ओळ आहे, त्याच भागाच्या अखेरीला चॉसर आपल्या पुस्तकाशीच बोलतो. तो म्हणतो : आपल्या इंग्रजीत आणि ती लिहिण्यात इतके नाना प्रकार आहेत, म्हणून देवाजवळ मागतो, की बाबा, तुला कुणी चुकीचं न लिहो, आणि तू जिथे कुठे वाचला जाशील किंवा गायला जाशील तिथे तू समजला जावास. लेक सासरी निघताना आईने बोलावं तसं हे बोलणं आहे. त्याला भीती होती आणि ती उगाच नव्हती. तेव्हा छापखाने नव्हते; इंग्लंडमध्ये कॅक्स्टनने पहिलं छापयंत्र आणलं ते 1476 साली, चॉसरच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी. तोवर एक जण लिहिणार, दुसरा नक्कल करणार, तिसरा त्या नकलेची नक्कल करणार. आपल्या अ‍ॅडम नावाच्या लेखनिकावर चॉसरने सात ओळींची एक कविता केली आहे. तिच्यात तो म्हणतो, की पुन्हा कधी ‘ट्रॉयलस’ची नक्कल करायला बसलास आणि मी रचलं तसं खरं उतरवलं नाहीस, तर तुझ्या लांब झुलपांखाली खवडे होवोत! तुझ्या घाईपायी आणि हयगयीपायी मला दिवसातून किती वेळा चामड्यावरची अक्षरं घासून, खरवडून दुरुस्त करावी लागतात!

पानंच्या पानं मुद्रितं तपासलेल्या कुणालाही हा वैताग ओळखता येईल. आणि इतकी काळजी घेऊनही, देवाला साकडं घालूनही, नेमका त्याच काव्यातला शब्द पुढच्यांनी चुकीचा वाचला.

ही सगळी साखळी शोधून काढली ती ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशाने. ‘डी’ आणि ‘ई’ या अक्षरांचा खंड 1897 साली पुरा झाला. जेम्स मरे मुख्य संपादक होते. त्यात या शब्दाच्या नोंदीत चॉसर, लिडगेट, दोन्ही छापील आवृत्त्या, स्पेन्सर, स्कॉट असा एकेक दुवा ओळीने मांडलाय. शब्दकोशाने तो शब्द बाद मात्र केला नाही, आणि ते मला फार योग्य वाटतं. लोक शब्द वापरतात, ऐकणाऱ्याला कळतो, मग तो शब्द आहेच. चुकीतून जन्मला म्हणून खोटा कसा? आपल्या घरातच बघा. ‘साहस’ हा शब्द आज आपण मुलांना कौतुकाने शिकवतो. जुन्या स्मृतिग्रंथांत ‘साहस’ म्हणजे बळजोरीने केलेला गुन्हा. दंड सांगताना त्याचं वेगळं प्रकरण असतं. मूळ ‘सहस्’ म्हणजे बळ. गुन्ह्याचा शब्द गुणाचा झाला आणि कुणाला त्याची खंत नाही.

आता ‘डुरिंग’च्या मुळाकडे. हे सांगितलं तेव्हा भाची एकदम सरळ बसली होती.

जुन्या इंग्रजीत धजण्याला ‘दुर्रान’ म्हणत. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यातही तो येतो. ग्रेंडेल नावाच्या राक्षसाची वाट बघत रात्रभर जवळ थांबायला तू धजलास तर तुझं काही खरं नाही, असं तिथे नायकाला हिणवलं जातं. ‘मी धजतो’ म्हणजे ‘देअर्र’. त्याचंच आज ‘डेअर’ झालंय. भूतकाळी रूप ‘दोर्स्ते’, त्याचं पुढे ‘डर्स्ट’ झालं. ‘डर्स्ट’ जुन्या इंग्रजी पुस्तकांत अजून भेटतो. वर्तमानकाळात पुढे ‘र’ झालेला मूळचा ‘स’ या रूपात अजून टिकून आहे. आता ‘डर्स्ट’ या शब्दाशेजारी संस्कृतातला ‘धृष्ट’ ठेवा आणि दोन्ही मोठ्याने म्हणून बघा. धातू एकच आहे. संस्कृतात ‘धृष्’ म्हणजे धजणं, धीट होणं; ग्रीकमध्ये ‘थ्रासुस’ म्हणजे धीट. इंग्लंडपासून भारतापर्यंत पसरलेल्या या भाषाकुळात हजारो वर्षांपूर्वी एक मूळ होतं, त्याच्या या फांद्या. द्रौपदीचा भाऊ, पांडवांचा सेनापती धृष्टद्युम्न याच्या नावात तेच मूळ आहे.

आणि आपल्या रोजच्या बोलण्यातही. ‘धृष्ट’चं प्राकृतात ‘धिट्ठ’ झालं आणि मराठीत ‘धीट’. पोर धीट आहे हो, असं आपण कौतुकाने म्हणतो. हिंदीत हाच शब्द ‘ढीठ’ झाला, पण तिथे तो बेमुर्वत, हट्टी माणसाला लावतात. मूळचा ‘धृष्ट’ मराठीतही उद्धटपणाकडे कलला. ‘हे बोलण्याची धृष्टता करतो’ असं आपण आधी माफी मागितल्यासारखं म्हणतो. एकाच धातूपासून एक शब्द कौतुकाचा आणि एक दूषणाचा. धजणाऱ्या माणसाकडे समाज नेहमी या दोन्ही नजरांनी बघत आलाय, ते शब्दांत उतरलंय.

तिसरा शब्द ‘धारिष्ट’. तो ‘धार्ष्ट्य’पासून आला, म्हणजे पुन्हा ‘धृष्’. आज तो बोलण्यात फारसा येत नाही, पण लहानपणी मनाचे श्लोक पाठ केलेल्या प्रत्येकाच्या जिभेवर तो आहे :

मना श्रेष्ठ धारिष्ट जीवीं धरावें ।
मना बोलणें नीच सोशीत जावें ॥

मी हा श्लोक कित्येक वर्षं म्हटला, पण या दोन ओळी एकमेकींच्या शेजारी का आहेत याचा विचार कधी केला नव्हता. रामदास धारिष्ट धरायला सांगतात, तर पुढे तलवार किंवा शत्रू येईल असं वाटतं. तिथे येतं ते लोकांचं वाईट बोलणं सोसणं, आणि पुढच्या ओळीत स्वतः नम्रपणे बोलणं. धारिष्ट हवं ते यासाठी.

मग चॉसरच्या त्याच कडव्यातल्या उरलेल्या ओळी मला नव्याने दिसल्या. तो म्हणतो, एखादा राक्षसी देहाचा माणूस बळात ट्रॉयलसच्या पुढे जाईल, पण मनाला येईल ते करू धजण्यात ट्रॉयलसचं काळीज पहिल्यांच्या आणि उत्तमांच्या बरोबरीला उभं असे. बळ वेगळं, काळीज वेगळं. हे कडवं येतं तेही कुठे, तर ट्रॉयलसची प्रेयसी क्रिसेडी ग्रीकांच्या छावणीत गेलेली आहे, डायोमीड हा ग्रीक योद्धा तिचं मन वळवू लागलाय आणि ट्रॉयलस सगळं गमावण्याच्या बेतात आहे. चॉसर त्याच्या धजण्याचं कौतुक करतो ते विजयाच्या क्षणी नाही. पुढे स्पेन्सरच्या टिपेत या धजण्याची मर्दुमकी झाली, स्कॉटच्या हातात कुऱ्हाडीचे घाव झाले, आणि आता तर हा शब्द बहुतेक वेळा झुंबराला लोंबकळणाऱ्या तलवारबहाद्दरांसाठीच वापरतात. मुळात तो याहून शांत होता.

आज इंग्रजीत कितीतरी लोक हा शब्द ‘डेअरिंग-डू’ असा लिहितात. ती चूक धरली जाते. कोशाप्रमाणे ती चूक आहेही. पण चॉसरने वाचलं असतं तर त्याला ‘डेरिंग’पेक्षा ‘डेअरिंग’च जवळचं वाटलं असतं, कारण अर्थ तोच आहे. अजाणता का होईना, ही मंडळी सहाशे वर्षं मागे जाऊन मुळाला पोहोचतात.

परत पुस्तकाकडे. आयव्हॅन्होच्या त्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने मराठी शब्द लिहायचा होता. ‘पराक्रम’ लिहिला आणि खोडला. त्यात जिंकणं आधीच धरलेलं आहे. ‘शौर्य’ लिहिला, तो पदकावर कोरल्यासारखा वाटला. ‘हिंमत’ चालला असता, पण तो अरबीतून फारसीमार्गे आलेला, या घराण्याचा नाही. शेवटी ‘धारिष्ट’ लिहिलं : असं धारिष्ट असणारे दोघं असतील, तर नवलच.

भाचीने ते वाचलं, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हणजे त्यानं डेअरिंग केलं.”

मी थांबलेच. डेअरिंग करणं. तिच्या शाळेतली, गल्लीतली सगळी मुलं दिवसातून दहा वेळा हेच म्हणतात : डेअरिंग कर ना, डेअरिंग केलं त्यानं, एवढं डेअरिंग आहे का तुझ्यात. धजणं आणि करणं, तेच दोन शब्द, त्याच क्रमाने. ‘धारिष्ट’च्या खाली मी तेही लिहून ठेवलं.